माणूस तोच, काम वेगळे

दादरला माझ्या घरी दर रविवारी एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या चाचणीच्या) तयारीतली चार-पाच मुले येतात आणि त्यांतला एक तरी विचारतोच, "सर, सैन्यात कोणती नेतृत्वशैली चालते?" चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाण्यापूर्वी मीही हेच विचारत फिरलो होतो. "परिस्थितीप्रमाणे बदलायची" हे मला मिळालेले उत्तर खरे होते, तरी ते माझ्या उपयोगी पडले नाही, कारण परिस्थिती म्हणजे जागा, अशी मी समजूत करून घेतली: छावणीत मवाळ, डोंगरावर कडक.

पलटणीतल्या पहिल्याच महिन्यात एका सरावात मी सोळा वर्षे सेवा झालेल्या आमच्या एका हवालदारांना मोर्चा (लढाईतला खंदक) कसा खणायचा हे अकादमीतल्या वहीबरहुकूम शिकवले. ते "जी साहेब" म्हणाले, मी सांगितले तसाच खणला आणि रात्रीच्या पावसात तो गुडघाभर पाण्याने भरला. सुभेदारसाहेब (आपल्याकडे लेफ्टनंट सुभेदाराला साहेब म्हणतो आणि सुभेदार लेफ्टनंटला, हे नव्या मुलांना गमतीचे वाटते) मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मोर्च्याचे तोंड कुठे हवे तेवढे तुम्ही सांगा. बाकी ते बघतात."

ते बरोबरच होते. शरमेपोटी मी मग पुस्तके उघडली आणि पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विचाराचा चार चौकटींचा तक्ता पाठ केला: नवख्याला सांगायचे, थोडे जमणाऱ्याला पटवून द्यायचे, जमत असूनही कचरणाऱ्याला सोबत घ्यायचे आणि पूर्ण तयार माणसावर काम सोपवायचे. आता प्रत्येक जवानाला एकेका चौकटीत बसवले की झाले, असे मला वाटले. हवालदार अर्थातच शेवटच्या चौकटीत गेले.

पुढच्या वर्षी आमची प्लाटून (तीसेक जणांची तुकडी) उंचावर निघाली. २,७०० ते ३,६०० मीटरच्या पहिल्या टप्प्यावर शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून सहा दिवस थांबावे लागते; त्यांतले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे आणि नंतर हळूहळू चालणे. जवानांवर लक्ष ठेवण्याचे काम मी हवालदारांवर सोपवले आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना उभे करून, सल्लामसलतीचा आव आणत, मी विचारले, "कोणाला काही त्रास?" कोणीही हात वर केला नाही. त्या रात्री लंगरात (जवानांच्या जेवणाच्या जागी) सुभेदारसाहेबांनी माझ्या दंडाला हलकेच स्पर्श करून हवालदारांच्या ताटाकडे नजर वळवली. भात वाढला तसाच होता, डाळीवर साय धरली होती, आणि पलटणीतले सर्वांत चांगले धावपटू असलेले हवालदार बुटाची नाडी बांधायला वाकून तसेच बसून राहिले होते. दोन दिवसांपासून त्यांचे डोके ठणकत होते, पण ज्याला मी सगळ्यांची काळजी घ्यायला सांगितले होते तो स्वतःचे दुखणे चारचौघांत कसा सांगणार? डॉक्टरांनी त्यांना त्याच रात्री खाली पाठवले.

सापळा नेमका कुठे होता, हे मी मुलांना कंटाळा येईपर्यंत सांगतो. तक्त्यातली तयारी माणसाची नसते, त्या एका कामापुरती असते, आणि ती दोन शब्दांची अट मी वाचूनही वाचली नव्हती. मोर्चा खणण्यात जे हवालदार माझे गुरू होते, ते पहिल्यांदाच उंचावर आले होते आणि तिथे माझ्याइतकेच नवखे होते. उंचीचा त्रास हुद्द्याची फीत, सेवा किंवा धावण्याचा वेग पाहून होत नाही. तिथे सोपवणे म्हणजे विश्वास नव्हता, जबाबदारी झटकणे होते. त्या जागी साधा, चर्चा न होणारा हुकूम हवा होता: रोज सकाळी प्रत्येकाने डॉक्टरांसमोर उभे राहायचे, माझ्यासकट. एरवी मला हुकमांचा तिटकारा आहे, पण हुकूम असला की दुखणे सांगणाऱ्याची मान खाली जात नाही, हे मी तिथे शिकलो.

म्हणून एसएसबीतल्या कमांड टास्कसाठी (मदतनीस घेऊन अडथळा पार करायच्या कसोटीसाठी) क्लासमध्ये घोकून घेतलेली वाक्ये कृपा करून नेऊ नका. दोन मदतनीस निवडायची मुभा मिळते तेव्हा सर्वांत धिप्पाड किंवा सर्वांत गोड बोलणारा घेऊ नका. आधीच्या अडथळ्यावर गाठ नीट कोणी मारली हे आठवा आणि दोराचे काम त्याच्यावर सोडा. फळी कुठे टेकवायची हे मात्र त्याला माहीत नसेल, तर स्पष्ट सांगा. मार्गदर्शकांबद्दलही माझे मत जरा कडवट आहे: निवृत्तांच्या व्हिडिओंपेक्षा (आणि माझ्या रविवारच्या गप्पांपेक्षाही) पलटणीतला सुभेदार अधिक शिकवतो, फक्त तो विचारल्याशिवाय बहुधा बोलत नाही.

आणि घाबरू नका. बावीस-तेविसाव्या वर्षी तीसेक माणसे हाती येतात तेव्हा चुका होणारच. तुमच्या शेजारी अनुभवी जेसीओ (सुभेदारांसारखा, जवानांतून वर आलेला अधिकारी) दिलेला असतो तो त्यासाठीच. मीही हवालदारांची माफी मागायला शब्द जुळवत होतो. ते नऊ दिवसांनी परतले, त्या संध्याकाळी मी लंगराच्या दाराशी उगाच रेंगाळलो. माझी नजर कुठे आहे हे त्यांनी ओळखले आणि जेवण संपल्यावर, एक अक्षर न बोलता, रिकामे ताट माझ्या बाजूला तिरके करून दाखवले.