भूमिगताच्या प्रेमपत्रांवरून माहितीपट करताना

सातारा-सांगली भागातल्या एखाद्या घरी जुन्या ट्रंकेत प्रतिसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांविरुद्ध चाललेल्या समांतर सरकारच्या काळातली, १९४३ ते १९४६ मधली, एका भूमिगत कार्यकर्त्याने पत्नीला लिहिलेली पत्रे सापडली आणि त्यांवर माहितीपट करावासा वाटला, तर कॅमेरा काढण्याआधी घरच्यांची लेखी संमती घ्यावी. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो; म्हणून सासरी गेलेल्या लेकींनाही विचारणे आवश्यक आहे.

जीर्ण घडी जबरदस्तीने उलगडू नये, फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नये. पत्राच्या दोन्ही बाजू आणि पाकीट ६०० डीपीआयवर स्कॅन करावे, कारण टपालाचा किंवा तुरुंगातील तपासणीचा शिक्का कधीकधी मजकुराइतकाच बोलका असतो. तारखेऐवजी तिथी असेल, तर त्या वर्षाचे पंचांग पाहून इंग्रजी तारीख काढावी. मग ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेगाडीतील खजिना लुटला गेला किंवा २४ जुलैला वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून निसटले, त्या दिवसांच्या आसपास घरी काय लिहिले गेले, हे उलगडू लागते.

खरे कष्ट वाचनाचे आहेत. त्या काळी अनेक घरांत पत्र दीर किंवा शेजारचा शाळकरी मुलगा वाचून दाखवी, त्यामुळे नवरा मनातले उघड लिहीत नसे. ‘म्हैस व्याली का’, ‘तुझा खोकला थांबला का’ या चौकशीतच त्याची ओढ असे. म्हणून ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, ‘वि. वि.’ (विनंती विशेष), ‘कळावे’ हे मायने आणि घरगुती तपशील रटाळ समजून कापू नयेत; माझ्या मते प्रेम तिथेच आहे. वाचनासाठी वाळवा-तासगाव भागातला, त्या बोलीचा हेल असलेला आवाज घ्यावा आणि त्याने सभेतल्यासारखे नव्हे, तर एकाच माणसाला ऐकू जाईल असे वाचावे.

तिची उत्तरे बहुधा मिळणार नाहीत, कारण पोलिसांच्या हाती काही लागू नये म्हणून भूमिगत माणसाला कागद जवळ बाळगता येत नसत. ती कल्पनेने लिहून भरू नयेत. त्या जागी तिच्या लेकीची आठवण घ्यावी, नाहीतर पडदा काही क्षण निःशब्द ठेवावा.

दृश्यांबाबत एक खबरदारी घ्यावी. कृष्णाकाठचा आजचा सलग ऊस बहुतांशी नंतरच्या उपसा सिंचनामुळे आला. १९४३ च्या पत्रावर तो दाखवण्यापेक्षा ज्वारीचे शिवार शोधावे.

कच्चे संकलन झाल्यावर ते प्रथम त्या घराच्या सोप्यात दाखवावे आणि घरच्यांना जे पत्र बाहेर जाऊ नये असे वाटेल, ते काढून टाकावे, मग ते कितीही सुंदर असो.