सोयाबीन विकण्याआधी पेंडीचा भाव विचारा

"तेलाचा डबा महागला, मग सोयाबीन का वाढंना?" आमच्या औसा तालुक्यात दर दिवाळीला हा प्रश्न निघतोच. उत्तर गाळपाच्या हिशोबात आहे आणि तो प्रत्येक सोयाबीनवाल्याला तोंडपाठ असायलाच हवा.

क्विंटलभर सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. तेल किलोमागे 10 रुपयांनी चढलं तर क्विंटलला 180 रुपयांचा फरक पडतो. पेंड किलोमागे 5 रुपयांनी उतरली की 400 रुपये गेले! सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं, तेल भडकलं, तरी त्या हंगामात बाजार 4892 रुपयांच्या हमीभावाच्या खालीच होता. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा डीडीजीएस (वाळवलेला चोथा) कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेत होता आणि परदेशातली पेंड आपल्यापेक्षा स्वस्त असल्याने निर्यातीलाही जोर नव्हता. उलट 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन 10 हजारांच्या घरात गेलं, तेव्हा पेंडीच्या भावाने पोल्ट्रीवाले हैराण झाले होते. सरकारने 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि पुढे बाजार बसला. म्हणून सकाळी मोबाइलवर प्लांटचे, म्हणजे सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्यांचे, भाव आले की आडत्याला पेंडीचा भावही विचारा.

दुसरं, ब्राझीलवर लक्ष ठेवा. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तिथे पिकतं आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत त्यांची काढणी चालते. डिसेंबर-जानेवारीत तिकडे किंवा अर्जेंटिनात पाऊस ताणला तर आपल्या मालाला उठाव येऊ शकतो. तिकडे पीक जोमात असेल तर फेब्रुवारीपर्यंत थप्पी लावून बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता ओलावा. भाव आठवडाभर थांबून बघता येतो, ओलाव्याचं नुकसान मात्र काट्यावरच होतं. 14 टक्के ओलाव्याचा क्विंटल 10 टक्क्यांवर वाळवला की साडेपंचाण्णव किलोच भरतो. म्हणजे ओल्याला 4000 मिळत असतील, तर वाळवलेल्याला किमान 4190 मिळाले तरच वाळवणं परवडलं. लिलावात आडत्या मूठ दाबून "हवा आहे" (म्हणजे ओलावा जास्त आहे) म्हणतो, तेवढ्यावर सौदा करू नका; मॉइश्चर मीटर लावायला सांगा आणि आकडा स्वतः बघा. हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांची अट असते. 2025-26 साठी हमीभाव 5328 आहे, त्यामुळे बाजार पाच-सहाशेंनी खाली असेल तर चार दिवस ताडपत्रीवर ऊन देणं नक्की फायद्याचं. पण नोंदणीला सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा लागतो, तेव्हा ई-पीक पाहणी वेळेत करून ठेवा.

थांबायचं ठरवलं तर थांबण्याचा खर्चही मांडा. महिना एक टक्का व्याज धरलं तर 4500 च्या मालावर दरमहा 45 रुपये, वर गोदामभाडं आणि घट. सावकाराकडून उचल घेऊन माल धरू नका. ज्या बाजार समित्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चालवतात, तिथे मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के दराने मिळतं. मुदत सहा महिन्यांची असते, तेव्हा ती कधी संपते ते पावती हातात घेतानाच विचारून घ्या.