महापालिकेत डिजिटल कामाला लागताय? या चुका टाळा

ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या आयटी कामात आलेली हुशार मुलं आल्या आल्या डॅशबोर्डच्या मागे लागतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी नागरी सुविधा केंद्रात, खिडकीच्या आतल्या बाजूला बसा. मग ते केंद्र दिव्यातलं असो वा ऐरोलीतलं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कागदी पद्धत जशीच्या तशी ऑनलाइन करणं. मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलायचा अर्ज घ्या. नागरिक तो ऑनलाइन भरतो. लिपिक त्याची प्रिंट काढून नस्तीला, म्हणजे कार्यालयीन फाइलला लावतो, टिपणी हाताने लिहितो, नस्ती वर जाते. मंजुरी मिळाली की तीच माहिती पुन्हा संगणकात भरली जाते. तोवर अर्जदाराला मोबाइलवर दिसतं ‘प्रलंबित’. तक्रार आली की आपण सर्व्हर तपासतो. सर्व्हर ठणठणीत असतो, नस्ती कुणाच्या तरी टेबलावर असते.

अशा वेळी एकच अर्ज घेऊन त्याच्यामागे फिरा आणि तो कुठे किती दिवस थांबला ते लिहा. कोणती सही नियमाने लागते आणि कोणती नुसत्या वहिवाटीने, हे प्रत्येक टेबलावर विचारा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ जरूर वाचा. अपिलाची सोय त्यात आहे; प्रत्येक सेवेची मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी, त्याखालच्या अधिसूचनेत असतात. तुमच्या प्रणालीतली मुदत त्या अधिसूचनेशी जुळली पाहिजे.

नाव शोधून सापडत नाही? दोष बहुधा जुन्या फॉन्टचा असतो. युनिकोड ही आजची प्रमाण अक्षर-संकेतपद्धत येण्याआधी श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरांपाशी बिघडतो. पडद्यावर ‘म्हात्रे’ बरोबर दिसला तरी आतली अक्षरं वेगळी असू शकतात. त्यातून गावठाणात एकाच नावाची दोन-तीन माणसं सहज निघतात. म्हणून नोंदी नावाने जुळवू नका, मालमत्ता क्रमांकाने जुळवा. नमुन्याच्या नोंदी त्या विभागातल्या जुन्या लिपिकाकडून तपासून घ्या. कुठली नोंद का अडते, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते विचारायला कुणी जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ठेकेदार बदलला की प्रणाली बंद पडते, याचं मूळ निविदेत असतं. डेटा महापालिकेचा, सोर्स कोड आणि अ‍ॅडमिन पासवर्ड हस्तांतरित करायचे, हे आधीच लिहून घ्या. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं. ते कोण कळवणार, हेही ठरलेलं असू द्या.

आयुक्त राज्य शासन नेमतं आणि ते बदलतात. त्यामुळे तोंडी होकारावर काम सुरू करू नका, नस्तीवर मंजुरी घ्या.

नोकरीचं म्हणाल, तर नेमणूकपत्र नीट वाचा. पद आकृतिबंधात, म्हणजे महापालिकेच्या मंजूर पदरचनेत आहे, थेट मानधनावर आहे की एजन्सीमार्फत? एजन्सीमार्फत असेल तर ठेक्याची मुदत कधी संपते आणि भविष्य निर्वाह निधी कोण भरतं, हे रुजू होण्याआधीच विचारा.