दिल्लीत खासदारांकडे काम घेऊन येताना

मी एका खासदारांचा पीए. ताईंचं घर नॉर्थ अॅव्हेन्यूला. अधिवेशन सुरू असलं की सकाळी साडेसातलाच बैठकीची खोली मतदारसंघातल्या माणसांनी भरते. एवढ्या लांबून आलेल्या कुणाची खेप वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

भेटायचं तर नऊच्या आत या. नंतर ताई त्या दिवसाची कामकाज सूची घेऊन बसतात. अकराला लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास, बाराला शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ), दुपारनंतर विधेयकं, मधेच स्थायी समितीची बैठक, मतदान असेल तर पक्षाचा व्हिप, म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसं मत द्यायचा आदेश. त्या वेळात फोन करून काही हाती लागत नाही.

येण्याआधी काम केंद्राचं की राज्याचं, हे बघा. सातबारा, वीजजोडणी, पोलीस ठाणं ही राज्याची कामं. त्यासाठी आमदारांकडे जा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, पासपोर्ट असेल तर जरूर या. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, पण ताई फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हा प्रशासनाची. कुणाच्या खासगी कामाला तो वापरता येत नाही.

आता अर्ज. खरी मेख इथेच आहे. ‘आमच्या गावाला गाडीचा थांबा द्यावा ही नम्र विनंती’ एवढंच लिहिलंत, तर ताई रेल्वेमंत्र्यांना पत्र देतील, ‘पत्र मिळाले’ असं उत्तर येईल आणि विषय तिथेच थांबेल. त्याऐवजी विचारा: गेल्या तीन वर्षांत या स्थानकावर किती तिकिटं विकली गेली? थांब्याचा प्रस्ताव आला होता का? नाकारला असेल तर का? याचा संसदेतला प्रश्न होतो आणि मंत्रालयाला आकड्यांनिशी बोलावं लागतं. सोबत जुन्या पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स जोडा. गाडीचा क्रमांक लिहा, नुसतं नाव नको.

प्रश्नाची नोटीस निदान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा उत्तर द्यायचा वार ठरलेला असतो. म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच कागद पाठवलात तर फार बरं. दिवसाला तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) २० आणि अतारांकित (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं) २३०, तेही सोडतीने. आपला अतारांकित लागला म्हणून नाराज होऊ नका. लेखी उत्तर कागदावर राहतं, आणि मला तेच जास्त कामाचं वाटतं.

उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. प्रिंट काढून नीट वाचा. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’ असे शब्द दिसले तर त्याखाली रेघ मारा. असे शब्द सरकारचं आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यावर लक्ष ठेवायला सभागृहाची वेगळी समिती आहे आणि पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची असते. मुदत उलटली की मला फोन करा, त्याच उत्तराचा क्रमांक टाकून पुढचं पत्र लावतो.