शिंपल्याची मूठ पिनेपाशी तडकते? माझा अनुभव

लक्षण: चाकूच्या मुठीसाठी मोत्याच्या शिंपल्याची पट्टी घेऊन पिनेसाठी (पट्टी पात्याला धरून ठेवणारी धातूची काडी) भोक पाडलं की भोकाभोवती कपच्या उडायच्या. धड निघालेली पट्टी पिन ठोकताना चिरायची. हळू ड्रिल, वर टेप, नवा स्टीलचा बिट: सगळं करून झालं. वैताग आला, शिंपला काही स्वस्त नाही.

शेवटी जमलं ते असं. पट्टीखाली लाकडाचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवला आणि दोन्ही पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवले. ड्रिल बॅटरीवरचंच, पाण्याजवळ वायर नको. ३ मिमी पिनेला ३.२ मिमीचा डायमंड बिट, दाब जवळजवळ शून्य. अर्धं भोक पुढून, मग पट्टी उलटून अर्धं मागून. कड उडते ती बिट पलीकडून बाहेर पडताना.

पिन ठोकायची नाही, नुसती सरकवायची. ठाण्याच्या पावसाळी हवेत कार्बन स्टील रातोरात गंजतं, म्हणून पात्याचा मुठीतला भाग घासून, ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवला. इपॉक्सी गोंद सावकाश सुकणारा, क्लॅम्प हलका, २४ तास हात लावला नाही.

घासकाम ओल्या पॉलिश पेपरनेच, मास्क लावून. ही धूळ फुप्फुसांना वाईट.