फिल्टर घेण्याआधी घरचं पाणी कसं ओळखावं

दारावर आलेला विक्रेता दोन पेले मांडतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून तो वीज लावतो आणि पाहता पाहता नळाचं पाणी विटकरी-काळं होतं. घरातले हादरतात, आरओ विकला जातो. तो गाळ पाण्यातला नसतोच, कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून ते नितळ राहतं. उत्तम विहिरीचं गोडं पाणीही या परीक्षेत नापासच होईल.

तेव्हा परीक्षा आपली आपण घ्या. काचेच्या पेल्यात ताजं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी माती बसली तर तो साधा गढूळपणा. काढताना नितळ असलेलं पाणी तांबूस झालं तर त्यात लोह आहे. अशा पाण्याचा चहाही काळपट होतो. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, ही जड पाण्याची खूण. त्रासदायक खरं, पण घाबरण्यासारखं नाही.

घातक असतं ते दिसत नाही. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांना ना रंग, ना वास. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार एकूण किती ते सांगतो, जंतूंबद्दल तो मुका. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, झाकणाला आतून बोट लावू नका आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अहवाल हाती आला की भारतीय मानक आयएस १०५०० चे आकडे शेजारी ठेवा. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नकोत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत. फ्लोराइड १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. एकूण क्षार ५००, नाइलाज असेल तर २०००.

आता उपाय. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात धुतलेला तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवा, दोन-तीन तास हलवू नका, मग वरचं निवळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनचं औषध, त्यानंतर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबूनच प्या. हा क्रम उलटा केला तर औषध गाळातच खर्ची पडतं. औषध नसेल तर पाणी खळखळून उकळा. नुसतं कोमट करून जंतू मरत नाहीत. उकळलेल्या पाण्यात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

लोह असेल तर पाणी उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, म्हणजे हवा मिसळून लोह गंजासारखं खाली बसतं. ते वाळूच्या थरातून गाळा. जड पाणी उकळून निववलं की बराचसा चुना भांड्याला चिकटून राहतो.

नायट्रेट-फ्लोराइडच्या बाबतीत मात्र उकळणं उलटं अंगाशी येतं, कारण पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध द्यावं लागत असेल तर जास्त नायट्रेटचं पाणी त्यात वापरूच नका. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड पोरांच्या दातांवर तपकिरी पट्ट्यांनी उमटतं. तिथे सुरक्षित दुसरा स्रोत शोधणं पहिलं. तो नसेल तर आरओ खरोखर कामाचा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे तिथेही, आरओ लागतो. फक्त त्यातून वाया जाणारं पाणी मूळच्यापेक्षा खारट असतं. त्यानं फरशी पुसा, संडासात ओता. तुळशीला घालू नका.