गोळी सुरकुतलेली निघत असल्यास
अमेरिकेत घरच्या घरी वितळलेले शिसे साच्यात ओतून बंदुकीच्या गोळ्या बनवण्याचा छंद असणाऱ्यांच्या पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात आणि दोष बिचाऱ्या शिशाला दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा साचा थंड असतो किंवा त्यात तेलाचा अंश राहिलेला असतो. साचा भांड्यांच्या साबणाने, गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, शिसे वितळेपर्यंत भांड्याच्या काठावर तापत ठेवावा आणि मग त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात धरावा. कोपऱ्याला शिसे न चिकटता सुटून आले, की ओतायला सुरुवात करावी. बिघडलेल्या गोळ्या पुन्हा वितळवता येतात. मात्र त्या कोरड्याच असाव्यात, कारण पाण्याचा एक थेंब शिशाखाली गेला, तरी त्याची क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते.